लॉराचा मागचा स्टॅबिलायझर बार बदलला: चोर्ला ते उद्यमबाग, दहा महिने

आमची स्कोडा लॉरा २०११ ची. दोन लिटर डिझेल, केए-२२ पासिंग, शेंद्र्याच्या कारखान्यातून आलेली. माझी सासुरवाडी गोव्यात साखळीजवळ, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी बेळगावहून पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी परत चढायचा. हा रस्ता इतक्या वेळा झालाय की कुठल्या वळणाला कोणाला मळमळणार हेसुद्धा घरात ठरलेलं असतं. धाकटी मागच्या सीटवर डावीकडे बसते आणि तिच्या हातात पिशवी असते.

१३ ऑगस्ट २०२३, रविवार. धो धो पाऊस, आम्ही चौघं आणि डिकीत दोन नारळाची पोती. घाट उतरताना एका डाव्या वळणाला स्टिअरिंग वळवलं, पण गाडीचं नाक वळेना. ती सरळच ओढत राहिली, पुढची चाकं पाण्यावरून खरडत, आणि आम्ही मधली रेघ ओलांडून समोरच्या बाजूला गेलो. खालून ट्रक वर येत होता. तो हळू होता म्हणून थांबला. माझा वेग चाळीसच्या आसपास होता आणि त्या वळणाला त्या पावसात तोही जास्तच होता, हे मी आधी कबूल करतो. घरी आल्यावर बायको काही बोलली नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी आपण कदंबाच्या बसनं जाऊ."

त्या दिवसापासून पुढचे दहा महिने मी या एकाच गोष्टीच्या मागे होतो. इथे ते क्रमानं लिहितोय, कारण बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या पट्ट्यात घाटातून ये-जा करणारे आपण पुष्कळ आहोत, आणि मला त्या वेळी मराठीत काहीही वाचायला मिळालं नव्हतं.

लॉरासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढे असतं. डिझेल असेल तर पुढचं वजन आणखी वाढतं. वळवायचं काम पुढच्या चाकांनीच करायचं, ओढायचं कामही त्यांनीच आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. वजन दुप्पट झालं म्हणून टायरची पकड काही दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे बाहेरच्या चाकाला जे मिळतं त्यापेक्षा आतल्या चाकाचं जास्त जातं. पुढच्या जोडीवर ही ओढाताण जास्त झाली की पुढची पकड आधी सुटते आणि नाक वळत नाही.

स्टॅबिलायझर बार, ज्याला कोणी अँटी-रोल बार तर कोणी स्वे बार म्हणतात, हा डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारा स्प्रिंग स्टीलचा वाकवलेला दांडा. दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली, उदाहरणार्थ स्पीडब्रेकरवर, तर तो नुसता फिरतो, काही करत नाही. एक चाक वर आणि एक खाली गेलं की मात्र तो पिळला जातो आणि त्या पिळाला विरोध करतो. त्यामुळे झुकणं कमी होतं. पण खरी गंमत पुढे आहे. वळणात एकूण किती वजन एका बाजूला सरकणार हे गाडीची उंची, रुंदी आणि वेग ठरवतात, बार नाही. ते वजन पुढच्या जोडीवर किती आणि मागच्या जोडीवर किती सरकायचं, हे मात्र बार ठरवतात. मागचा बार कडक केला की मागची जोडी जास्त वाटा उचलते, पुढच्या जोडीवरचा ताण हलका होतो, आणि नाक वळायला लागतं. म्हणून आपल्यासारख्या गाडीत मागचा बार बदलतात. पुढचाच जाड केला तर बहुतेक वेळा उलटं होतं, गाडी झुकते कमी पण वळायला आणखी नाराज होते. हे समजायला मला सप्टेंबर उजाडला.

सप्टेंबरात मी गाडी घेऊन गॅरेजला गेलो. आमचे गॅरेजवाले मामा शहापूरकडचे. त्यांच्या बोलण्यात मराठी-कन्नड एकाच वाक्यात येतं. मी बारचं बोलायला लागलो तर त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. गाडी पिटवर घेतली, खाली उतरले, आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं एकेक लिंक रॉड, म्हणजे बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारी छोटी दांडी, हलवून दाखवला. टक, टक. "हे बघा की. आवाज येऊलाय न्हवं? खालचं सगळं झिजलंय आणि तुम्ही वरनं नवीन काय घालूलायसा? स्वल्प दम धरा."

त्यांचं खरं होतं. पुढच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यांचे, बुश (सांध्यातले रबर) फाटले होते, पुढचे दोन्ही लिंक रॉड सैल होते आणि टायर बाहेरच्या कडेला गुळगुळीत झाले होते. आहे तो बारच जर सैल लिंकमुळे उशिरा पकडत असेल तर त्याच्या जाडीचा हिशेब करण्यात अर्थ नव्हता. बुश, लिंक आणि मजुरी मिळून ९,२०० रुपये झाले. चार नवे टायर, १९५/६५ आर १५, २७,२०० रुपये. चारही चाकांचं अलाइनमेंट ९०० रुपये. ऑक्टोबर यातच गेला. हवा थंड टायरमध्ये मोजायची, पंपापर्यंत दहा किलोमीटर चालवून नेल्यावर आकडा फसवा येतो, म्हणून मी तेव्हाच एक साधं गेजही घेतलं.

आणि गाडी सुधारली. निम्मं काम तिथेच झालं, असं मी आज खात्रीनं सांगतो. तुमचं बजेट तेवढंच असेल तर तिथे थांबा. मी थांबलो नाही कारण दिवाळीत कोरड्या रस्त्यावर चोर्ला उतरताना झुकणं तसंच जाणवत होतं, आणि धाकटीची पिशवी सुटली नव्हती.

नोव्हेंबरात माझ्या मनात आलं की बार इथेच बनवून घ्यावा. बेळगावात राहून असा विचार न आला तरच नवल. उद्यमबागेत फाउंड्री आहेत, लेथ आहेत, फोर्जिंग आहे. एका ओळखीच्या काकांचं हीट ट्रीटमेंटचं छोटं शॉप आहे. जुन्या बारचा फोटो आणि व्हर्नियरनं घेतलेली मापं घेऊन त्यांच्याकडे गेलो. जुना बार अठरा मिलिमीटरच्या आसपास भरला होता.

काकांनी फोटो बघितला, मग शेडच्या कोपऱ्यातून हातभर लांबीचा एक तुटलेला तुकडा आणून माझ्या हातात दिला. कुठल्यातरी जीपचा बार, कोणीतरी साध्या सळीतून वाकवून घेतलेला. तुटलेला भाग जवळून बघायला सांगितला. कडेला एक गुळगुळीत, गडद चंद्रकोर होती, आणि उरलेला भाग खडीसाखरेसारखा दाणेदार, चकाकता. काका म्हणाले, भेग आधी त्या चंद्रकोरीत पडली, महिनोन्‌महिने हळूहळू आत सरकत राहिली, तोपर्यंत गाडी चालूच होती. मग एक दिवस उरलेला भाग एका झटक्यात गेला. अशा दांड्याला ईएन-४५ सारखं स्प्रिंग स्टील लागतं, गरम करून वाकवायचं, मग कडक करायचं, मग टेम्पर करायचं, म्हणजे ठिसूळपणा जाईल इतकं परत तापवायचं, आणि वर शॉट पीनिंग, म्हणजे बारीक छऱ्यांचा मारा. वेल्डिंगचा तर विषयच नको. "एक नग करायला भट्टी लावणारा कोण न्हाई, आणि लावली तरी मी तुझ्या पोरीबाळींच्या गाडीला देणार न्हाई," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. चहा पाजला आणि परत पाठवलं. तो तुटका तुकडा मी मागून आणला. अजून माझ्या टेबलावर आहे.

मग बाहेरून मागवायचं ठरलं. लॉराखालचा सांगाडा पाचव्या पिढीच्या गोल्फसारखाच, त्यामुळे त्या गाडीसाठी बनवलेले बार परदेशात सहज मिळतात. मला मिळाला तो २२ मिलिमीटरचा भरीव बार, दोन्ही टोकांना दोन-दोन भोकं असलेला. इथे एक हिशेब नीट समजून घ्या. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. १५ चा १८ केला तर जाडी वाढते २० टक्के, पण कडकपणा होतो दुप्पट. माझ्या बाबतीत १८ चे २२, म्हणजे बाकी आकार तोच धरला तर सव्वादोन पट. त्याच विक्रेत्याकडे २६ चाही होता आणि किंमत जवळपास सारखीच. मोह झाला. पण १८ ला २६ म्हणजे चौपटीच्याही वर. पावसाळ्यात घाटात, मागे मुलं बसवून, असला बार मी घालणार नव्हतो. पुढचा बार बदलायचाही विचार सोडून दिला, कारण या गाडीत त्यासाठी पुढची सबफ्रेम (इंजिनाखालचा सांगाडा) खाली घ्यावी लागते आणि आपल्याला हवा असलेला फायदा त्यातून मिळत नाही.

१७ जानेवारी २०२४ ला ऑर्डर दिली. बार, पॉलियुरेथेनचे बुश, क्लॅम्प आणि ग्रीसची पुडी मिळून २३,८०० रुपये, कुरिअरचं भाडं ७,९००. लांब आणि जड वस्तू असल्यामुळे भाडं जबर लागतं, हे लक्षात ठेवा.

२९ जानेवारीला पार्सल मुंबईत आलं आणि तिथेच कस्टम्समध्ये अडकलं. मेल आला: आधार आणि पॅनसह केवायसी भरा, वस्तूचा उपयोग लिहून द्या, पैसे भरल्याचा पुरावा द्या. विक्रेत्यानं बिलावर वस्तूचं वर्णन नुसतं 'स्टील बार' असं लिहिलं होतं. आता स्टीलचा दांडा आणि मोटारीचा सुटा भाग यांचं वर्गीकरण वेगळं. कस्टम्सच्या यादीत मोटारीचे सुटे भाग ८७०८ या क्रमांकाखाली येतात. मी विक्रेत्याकडून दुरुस्त बिल मागवलं, त्यावर 'सस्पेन्शनचा स्टॅबिलायझर बार, प्रवासी कारसाठी' असं लिहून घेतलं, कॅटलॉगचं पान जोडलं, आरसीची प्रत जोडली, आणि 'स्वतःच्या गाडीसाठी, विक्रीसाठी नाही' असं साध्या कागदावर सही करून स्कॅन पाठवलं. मधे दोन वेळा तेच कागद परत मागितले गेले. दर वेळी नव्यानं मेल न लिहिता त्याच मेलला उत्तर देत गेलो, म्हणजे आधीचं सगळं खाली राहतं. त्याचा फायदा झाला. एकूण चौदा दिवस गेले. ड्यूटी आणि कर मिळून १५,५०० च्या आसपास भरले, म्हणजे माल आणि भाडं धरून जी रक्कम होते तिच्या जवळजवळ निम्मे. हा आकडा ऑर्डर देण्याआधीच धरून चाला. मी धरला नव्हता आणि त्या महिन्यात घरात त्यावरून बोलणं झालं.

पार्सल टिळकवाडीत घरी आलं १५ फेब्रुवारीला. आठवडाभर ते दिवाणखान्यात उभं होतं. मी बसवायची घाई केली नाही, कारण दोन प्रश्न बाकी होते. कायद्याला चालतं का, आणि विम्याला चालतं का.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदवलेली माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. नंतर कायद्यातलं १८२-अ कलम बदललं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे वाचून मी खरोखर घाबरलो होतो. म्हणून मार्चमध्ये आरसी, विमा, पीयूसी आणि बारचं चित्र घेऊन परिवहन कार्यालयात गेलो. माझं कन्नड बाजारापुरतं. खिडकीवर मी सुरुवात कन्नडमध्ये केली, अडखळलो, आणि पुढचं हिंदीत झालं. त्यांनी मला निरीक्षकांकडे पाठवलं, ते मैदानावर गाड्या तपासत होते, दुपारी अडीचपर्यंत थांबलो. त्यांनी चित्र बघितलं आणि विचारलं: चेसिस कापणार? वेल्डिंग करणार? भोक पाडणार? उंची, टायर, रुंदी बदलणार? सगळ्याला नाही. मग म्हणाले, मूळ जागी, मूळ बोल्टवर बसणारा भाग आहे, आरसीवरची कुठलीही नोंद बदलत नाही, बिल गाडीत ठेवा आणि जुना भाग टाकू नका. लेखी काही मिळालं नाही, कारण ज्याची नोंद नसते त्याचं पत्रही नसतं. तुम्ही करणार असाल तर तुमच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

विम्याचं काम घरबसल्या झालं, पण वेळ लागला. मी कंपनीला मेल करून बदल आधीच कळवला. सोळा दिवसांनी उत्तर आलं, बिल मागितलं, बसवल्यानंतरचे फोटो मागितले, आणि वाढीव प्रीमियम ७१२ रुपये घेऊन पॉलिसीत नोंद करून दिली. अपघात झाल्यावर सर्वेअरनं वाकून बघितलं आणि नोंद नसलेला भाग दिसला तर क्लेम अडकू शकतो. ७१२ रुपयांत ती काळजी मिटली.

रविवार, २८ एप्रिल २०२४. उन्हाचा कडाका, मामांनी सकाळी सातला बोलावलं. मी आदल्या दोन संध्याकाळी सगळ्या नटबोल्टांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता. तेरा वर्षांची गाडी आणि आपला पाऊस, हे केल्याशिवाय पाना लावूच नका. मागचे नवे लिंक रॉड ३,६०० रुपयांना आणले होते आणि क्लॅम्पचे नवे बोल्ट १,१५० ला. हे बोल्ट ठरलेल्या टॉर्कनंतर, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंत आवळल्यावर, आणखी काही अंश फिरवून ताणले जातात, म्हणून परत वापरायचे नसतात.

गाडीची मागची बाजू दोन्हीकडून सारखी उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली. एकच बाजू जॅकवर घेतली तर बार पिळलेला राहतो, लिंकचा बोल्ट निघत नाही, आणि निघाला तर झटका देतो. दोन्ही चाकं सारखी लोंबकळत असली की बार मोकळा असतो. उजव्या लिंकचा नट आलाच नाही. स्प्रे, हातोडी, परत स्प्रे, शेवटी ग्राइंडरनं कापला. तिथेच पाऊण तास गेला. मग सायलेन्सरचे रबर सोडून तो दोन बोटं खाली घेतला आणि जुना बार एका बाजूनं तिरका करत बाहेर काढला.

मामांनी पोतं अंथरलं आणि दोन्ही बार शेजारी-शेजारी ठेवले. जुना काळा, त्यावर चिखलाचे थर, आणि जिथे बुश बसत होते तिथे दोन चकचकीत कडी. तेरा वर्षं रबर घासून रंग गेला होता आणि धातू आरशासारखा झाला होता. त्या कड्यावर नख फिरवलं तर कडेला खळगा लागत होता, बार तिथे झिजून बारीक झाला होता. नव्यानं मापलं तर त्या जागी जवळपास अर्धा मिलिमीटर कमी. म्हणजे नवे रबर जरी घातले असते तरी त्या खोबणीत ते सैलच बसले असते.

नवा बार बसवताना पॉलियुरेथेन बुशना आतून सोबत आलेलं सिलिकॉन ग्रीस लावायचं, पेट्रोलियमचं साधं ग्रीस नाही. कोरडे बसवले तर ते पावसाळा संपल्यावर दारासारखे कुरकुरतात. बार फिरायला मोकळा आहे ना, हे क्लॅम्प आवळल्यावर हातानं फिरवून बघायचं. टोकाच्या दोन भोकांपैकी बाहेरचं भोक म्हणजे लांब दांडी, म्हणजे मऊ; आतलं भोक म्हणजे आखूड दांडी, म्हणजे कडक. आम्ही बाहेरच्या भोकात लावला. शेवटचं आवळणं गाडी पिटवर घेऊन, चाकं जमिनीवर टेकवून केलं. दुपारी दोनला काम संपलं. मजुरी २,०००, आणि मामांच्या पोराला वेगळे दोनशे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना तिसऱ्या रेल्वे गेटपाशी मागून आवाज आला. ठक. हळू वेगात, एका चाकाखाली खड्डा आला की ठक. हायवेला काहीच नाही. तीन दिवस माझ्या पोटात गोळा होता, वाटलं बारच चुकीचा आला. २ मेला परत पिटवर. मी खाली उतरून लिंक हातात धरून हलवला आणि डावा हलला. नट गनवर आवळताना लिंकच्या टोकाचा गोल सांधा, म्हणजे बॉलही, सोबत फिरला होता, त्यामुळे घट्ट वाटला पण बसला नव्हता. बॉलच्या टोकाला एलन कीसाठी (षटकोनी चावीसाठी) खाच असते. एका हातानं एलन की धरून दुसऱ्या हातानं साध्या पान्यानं नट आवळायचा, शेवटी टॉर्क पाना. मामांना फार वाईट वाटलं, त्यांनी चारही नटांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून दिली. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पुढच्या वेळी खाली नुसतं बॅटरी मारून बघितलं की कळतं. सगळ्या नटबोल्टांचं फेरआवळणं आम्ही ५०० किलोमीटरनंतर एकदा केलं.

५ मेला चोर्ला. मी एकटाच गेलो, मुद्दाम. डिकीत पान्यांचा डबा आणि पोत्यात गुंडाळलेला जुना बार, वाटेत काही बिनसलं तर साखळीत बसवता यावा म्हणून. दोन दिवसांवर लोकसभेचं मतदान होतं आणि कणकुंबीच्या नाक्यावर प्रत्येक गाडी उघडून बघत होते. पोलिसानं पोतं उलगडलं, आत लोखंडी दांडा. "इदेनु?" म्हणजे हे काय? मी म्हटलं, "गाडीदु पार्ट, सर. हळेदु." गाडीचा पार्ट, जुना. त्यानं दांडा उचलून वजन बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी बिल आणि फोटो काढून दाखवले, मग गाडीखाली वाकून नवा बारही दाखवला. तोही वाकला. पाच मिनिटांनी "आयतु, होगी," (झालं, जा) म्हणाला. निरीक्षकांनी बिल गाडीत ठेवायला सांगितलं होतं ते त्या दिवशी कामाला आलं.

घाटात फरक पहिल्याच वळणाला कळला. आधी स्टिअरिंग वळवलं की गाडी आधी झुकायची, मग जरा विचार करायची आणि मग वळायची. आता वळवलं की वळते. त्या डाव्या वळणाला, तिसऱ्या गिअरमध्ये, तेवढ्याच चाळीसला, गाडी आपल्या बाजूला कडेची पांढरी रेघ धरून गेली. मी खाली केरीला जाऊन गाडी बाजूला लावली आणि बायकोला फोन केला.

याची किंमतही सांगतो. एका चाकाखाली खड्डा आला की तो धक्का आता दुसऱ्या बाजूला जास्त पोचतो, मागचं अंग डावं-उजवं हलतं. अनगोळकडच्या रस्त्याला मागे बसलेल्या आईला ते पहिल्या दिवशी जाणवलं. झुकणं कमी झालं, डोलणं थोडं वाढलं. मला हा सौदा पटला, तुम्ही शहरातच फिरत असाल तर कदाचित पटणार नाही.

१२ मेला मी बार आतल्या, कडक भोकात घेतला. कोरड्यात फार छान वाटलं. मग पाऊस आला. ९ जूनला सकाळी कणकुंबीच्या खाली, रिकामी गाडी, ओला रस्ता. वळणाच्या मध्यावर पुढे म्हैस दिसली म्हणून पाय एकदम ॲक्सिलरेटरवरून उचलला, आणि मागची बाजू बाहेर सरकली. हातभरच असेल. मी स्टिअरिंग सैल सोडलं, गाडी सावरली, पण छाती धडधडत राहिली. मागचा बार कडक केला की हे होतं: मागच्या पकडीतूनच आपण पुढच्याला उसनं दिलेलं असतं, आणि पाय एकदम उचलला की वजन पुढे जातं, मागची चाकं आणखी हलकी होतात. त्याच संध्याकाळी बार परत बाहेरच्या भोकात आणला, अर्ध्या तासाचं काम. आता जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तो तिथेच राहणार. आणि टायर बदलताना दोनच बदलायची वेळ आली तर नवे दोन मागे घालायचे, गाडी पुढच्या चाकांवर चालत असली तरी. नाक सरळ गेलं तर आपल्याला आधी कळतं आणि वेग कमी करता येतो, मागचं अंग सुटलं तर तेवढा वेळ मिळत नाही.

३० जूनला सगळे मिळून गेलो. पाऊस होता. बायको पुढे, आई आणि मुली मागे. मी वेग पस्तीसच्या वर नेला नाही. त्या वळणावर बायकोनं दाराचं हँडल धरलं आणि वळण संपल्यावर सोडलं. धाकटीला त्या दिवशी उलटी झाली नाही, पुढच्या खेपेला झाली, त्याच्या पुढच्या दोन खेपांना झाली नाही.

बार, भाडं आणि ड्यूटी मिळून ४७,२००, लिंक, बोल्ट, मजुरी आणि विमा मिळून साडेसात हजारांच्या आसपास. त्याआधीचे टायर आणि बुशचे पैसे वेगळे, ते कधीतरी घालावेच लागणार होते.

जुना बार मी घासून साफ केला, तेल लावलं आणि त्याच पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. २०२६ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. पुनर्नोंदणीसाठी फॉर्म २५ भरून, ५,००० रुपये फी भरून गाडी तपासणीला न्यावी लागेल. तेव्हा निरीक्षकांनी मूळ भाग घालून आणा म्हटलं तर मामांच्या पिटवर एक सकाळ लागेल. क्लॅम्पचे नवे चार बोल्ट त्यासाठी आत्ताच आणून पोत्यात टाकून ठेवलेत.